खिडकीच्या कट्ट्यावरची काजळी

मुलांनो, उद्या सकाळी उठल्यावर खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवून बघा. धूळ लागेल, मातकट रंगाची. आफ्रिकेत नायजेरिया देशातल्या पोर्ट हारकोर्ट शहरात २०१६ च्या अखेरीस लोकांनी असंच बोट फिरवलं, तर ते काळं कुळकुळीत! घरात अनवाणी चाललं की तळपाय काळे, दोरीवरचे धुतलेले कपडे काळे.

हे शहर नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात आहे. इंग्रजांनी ते १९१२-१३ च्या सुमारास वसवलं, एनुगूचा कोळसा जहाजांत भरण्यासाठी. १९५६ मध्ये जवळच ओलोइबिरीला खनिज तेल सापडलं आणि शहराचं नशीबच पालटलं.

शहरातली ट्रान्स-अमादी ही वस्ती म्हणजे सुमारे अडीच हजार एकरांचा कारखान्यांचा भाग. तेलविहिरींना यंत्रं आणि पाइप पुरवणाऱ्या कंपन्या, गोदामं, मोठा कत्तलखाना आणि कुंपणांना लागूनच घरं, शाळा, बाजार. प्राणिसंग्रहालयसुद्धा इथंच! मिशेलिनचा टायरचा कारखानाही होता. तो २००७ मध्ये बंद पडला.

मग ही काजळी आली कुठून? जमिनीतून निघालेलं तेल तापवलं की त्याची वाफ होते. ती थंड केली की रॉकेल, डिझेल वेगवेगळं मिळतं. भाताच्या आधणावरच्या झाकणाला आतून थेंब जमतात ना, तेच तत्त्व. कारखान्यात हे काम उंच मनोऱ्यांत होतं. इथं मात्र काही लोक पाइपलाइन फोडून तेल चोरतात आणि खारफुटीच्या जंगलात पिंपांखाली उघडा जाळ करून ते उकळतात. पुरेशी हवा मिळाली नाही की तेल अर्धवट जळतं, आणि उरतो तो कार्बन. कंदिलाची वात फार वर केली की काच काळी होते, तसंच हे. आता अख्ख्या शहराची काच काळी झाली आहे असं समजा. त्यातले सगळ्यात बारीक कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. कोरड्या महिन्यांत तर हवा धुऊन काढायला पाऊसही नसतो.

तुम्ही म्हणाल, चोरांना पकडा की! जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी तशी मोहीम काढलीही. पण गोष्ट एवढी सोपी नाही. तेलगळतीनं इथल्या खाड्यांतली मासळी गेली, तरुणांना काम नाही. शहराजवळ १९६५ पासून तेलशुद्धीकरण कारखाना आहे, पण तो वर्षानुवर्षं बंद राहिला. तेलाच्या देशात पेट्रोल बाहेरून आणावं लागे! शिवाय विहिरींतून तेलाबरोबर येणारा वायू कंपन्या कित्येक दशकं उघड्यावर जाळत आल्या आहेत. त्याबद्दल पिंपवाल्यांइतकी ओरड होत नाही, हे मला खटकतं.

आणि पकडलेल्या चोरट्या तेलाचं काय होतं, ठाऊक आहे? पुष्कळदा तेही जागच्या जागी पेटवून देतात. त्याचा धूर पुन्हा त्याच खिडक्यांवर येऊन बसतो.