एका फाइलीचा सर्व्हर

2007 च्या सप्टेंबरात गुगलमध्ये रॉब पाइक एका अवाढव्य सी प्लस प्लस प्रोग्रॅमवर काम करत होते. तो कंपाइल व्हायला दर खेपेला पाऊण तास लागे, तोही खास त्यासाठी जोडलेल्या यंत्रांच्या मोठ्या ताफ्यावर. या ताटकळण्यातूनच रॉबर्ट ग्रीझमर आणि केन टॉम्पसन यांच्याशी बोलणे सुरू झाले आणि 21 तारखेला तिघांनी फळ्यावर नव्या भाषेची उद्दिष्टे लिहून काढली. युनिक्स घडवणारे ते हेच टॉम्पसन. 10 नोव्हेंबर 2009 ला ‘गो’ जगासमोर आली, मार्च 2012 मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली. आज डॉकर, कुबरनेटीस आणि वेबसाइटांना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्टची यंत्रणा गोमध्येच लिहिलेली आहे.

पीएचपी किंवा पायथनमध्ये वेबसाइट केली की सर्व्हरवर आधी ती भाषा बसवावी लागते, मग तिच्या लायब्रऱ्या, मग त्यांच्या आवृत्त्या जुळवायच्या. आपल्या संगणकावर चालणारे तिथे का चालत नाही, हे शोधण्यात रात्री जातात. गोचा कंपायलर सगळा कोड थेट यंत्रभाषेत उतरवतो आणि लागणारे सगळे एकाच फाइलीत भरतो. ती फाइल सर्व्हरवर टाकायची आणि चालू करायची. विंडोजच्या लॅपटॉपवर बसून लिनक्ससाठीची फाइलही तयार करता येते. वेब सर्व्हरला लागणारे एचटीटीपीचे पॅकेज भाषेसोबतच मिळते. दहा-बारा ओळींत चालता सर्व्हर उभा राहतो.

पण गोचे खरे मोठेपण गोरूटीनमध्ये, म्हणजे एकमेकींसोबत चालणाऱ्या हलक्या कामांत आहे. एकाच वेळी हजारो लोक सर्व्हरकडे काही ना काही मागत असतात आणि त्यातला बराच वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो. प्रत्येकासाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा स्वतंत्र थ्रेड द्यावा, तर लिनक्सवर एकेका थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा 8 एमबी जागा राखली जाते. गोरूटीनचा स्टॅक 2 केबीपासून सुरू होतो आणि गरजेप्रमाणे वाढतो. गोचा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक जोडणीला एक गोरूटीन देतो. ती उत्तरासाठी थांबली की गोची अंतर्गत यंत्रणा तिला बाजूला ठेवते आणि तिचा थ्रेड दुसरीच्या हाती देते. उत्तर आले की पहिली पुन्हा रांगेत. कोड लिहिणाऱ्याला यातले काहीच सांभाळावे लागत नाही. तो वरून खाली, सरळ लिहीत जातो. मला ही सरळ लिहिण्याची मुभा वेगापेक्षाही मोलाची वाटते, कारण सहा महिन्यांनी तो कोड दुसऱ्याच कोणाला वाचायचा असतो.

गोच्या या सरळपणाची किंमतही आहे. चुकीची शक्यता असेल तिथे दर वेळी तपासणीच्या त्याच त्या तीन ओळी लिहाव्या लागतात. एकच कोड वेगवेगळ्या प्रकारच्या डेटासाठी वापरू देणारी जेनेरिक्सची सोय यायला 2022 चा मार्च उजाडला. मेमरीची साफसफाई गो स्वतः करते, पण ती साफसफाई मधेच वेळ खाते. डिस्कॉर्डने आपली एक सेवा गोमधून रस्ट या भाषेत नेली ती याच कारणाने. तरीही बहुतेक वेबसाइटांना वेळेचा तेवढा काटेकोरपणा लागत नाही. त्यांच्यासाठी मी बेलाशक गोच सुचवेन.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला सलते. ज्या यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमुळे देवनागरी इंटरनेटभर निर्वेधपणे फिरते, ती टॉम्पसन आणि पाइक यांनीच 1992 मध्ये रचली. गोचा कोडही त्याच पद्धतीत साठवला जातो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी गो 15 बाइट सांगते, पाच चिन्हे प्रत्येकी तीन बाइटांची, आणि हा हिशोब अगदी बरोबर आहे. पण व्हेरिएबलच्या नावात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार चालत नाही, जोडाक्षरही नाही. ‘दर’ चालते, ‘किंमत’ चालत नाही. शिवाय पॅकेजबाहेर वापरायचे नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावे लागते आणि देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नाहीत. देवनागरीची ही अडचण गोकर्त्यांनी स्वतःच्या प्रश्नोत्तरांत मान्य केली आहे.

गोमधल्या बदलांचे प्रस्ताव सर्वांसाठी खुले असतात. कोणीही ते वाचू शकतो, त्यावर मत नोंदवू शकतो. रोज गोमध्ये सर्व्हर लिहिणाऱ्या मराठी मंडळींनी काना-वेलांटीची बाजू तिथे जरूर मांडावी.