चावी फिरवली, पण पिकअप सुरूच होईना! नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

पहाटे बाजार समिती गाठायची असते, मागे भाजीचे क्रेट भरलेले असतात आणि चावी फिरवल्यावर फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. जुनी पिकअप चालवणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो आणि हजारो रुपये खर्चून नवी बॅटरी बसवली जाते. मात्र अनेकदा दोष असतो तो गंजलेल्या टर्मिनलमध्ये किंवा सैल झालेल्या अर्थिंगच्या वायरमध्ये. तो कसा ओळखायचा, जाणून घेऊ.

चावी फिरवल्यावर नेमकं काय होतं?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे इथे इग्निशन वायरिंग म्हणजे प्रामुख्याने चावीपासून सुरू होणारं वायरिंग. त्यात दोन वेगळे मार्ग असतात.

पहिला बारीक वायरचा : बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, काही गाड्यांत रिले आणि तिथून सेल्फवरचा सोलेनॉइड. दुसरा जाड केबलचा : बॅटरीतून थेट सेल्फ मोटर आणि इंजिनाच्या बॉडीतून अर्थिंगच्या केबलने परत बॅटरी. सेल्फ मारताना जाड केबलमधून शेकडो अँपिअर करंट वाहतो. चावीचा स्विच एवढा करंट झेलू शकत नाही. तो फक्त सोलेनॉइडला इशारा देतो आणि जाड मार्ग सोलेनॉइड जोडतो.

गंज महाग पडतो तो इथेच. २०० अँपिअर वाहत असताना जोडात केवळ ०.०१ ओहम अडथळा असला, तरी २ व्होल्ट वाया जातात. बॅटरी चांगली असूनही सेल्फ रडत फिरतो.

लक्षणावरून दोष ओळखा

* डॅशबोर्डवर एकही दिवा नाही : बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज आणि अर्थिंग पाहा.
* दिवे लागतात, सेल्फ मारताच विझतात किंवा ‘टक-टक-टक’ आवाज येतो : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.
* दिवे जसेच्या तसे, आवाज काहीच नाही : चावीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडची बारीक वायर.
* एकच ‘टक्’, दिवे जवळपास तेवढेच : सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात.
* सेल्फ जोमाने फिरतो, इंजिन पकडत नाही : आधी डिझेल आणि लाइनमधली हवा तपासा. मग पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला करंट येतो का, ते पाहा.
* इंजिन सुरू होतं, चावी सोडताच बंद पडतं : स्विचमधला ‘ऑन’चा कॉन्टॅक्ट जळालेला असण्याची शक्यता मोठी.

मल्टिमीटरने खात्री कशी कराल?

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चावीवर दुसरी व्यक्ती हवी.

१. गाडी काही तास बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा.

२. सेल्फ मारताना बॅटरीवरचा आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये.

३. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंग खराब. पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यातही हीच चाचणी करा.

४. सोलेनॉइडच्या बारीक वायरवर, चावी फिरवलेली असताना, बॅटरीइतका व्होल्टेज यायला हवा. तो येऊनही सोलेनॉइड हलत नसेल तर दोष पुढे. येत नसेल तर रिले, फ्यूज, स्विच असं मागे तपासत जा.

केवळ मीटरच्या ‘बीप’वर विसंबू नका. केबलची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, पण ती तार सेल्फचा करंट वाहू शकत नाही.

या चुका टाळा

फ्यूज वारंवार जात असेल तर जागी तार गुंडाळू नका. फ्यूज जाणं ही शॉर्टची खूण आहे. फ्यूज नसेल तर पुढे वायर तापते आणि गाडी पेटू शकते. जादा हॉर्न, दिवे, टेप यांचा करंट चावीच्या स्विचवरून घेऊ नका. स्वतंत्र फ्यूज आणि रिले लावा.

सोलेनॉइडला स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फ मारण्याची सवय जीवघेणी आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर समोरच्या माणसावर जाते. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना शेवटी लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ विडी-सिगारेट नको.

ईसीयू असलेल्या गाड्यांत साधा टेस्ट लॅम्प कुठेही लावणं धोक्याचं. तिथे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्या. जुन्या गाडीचे टर्मिनल आणि अर्थिंगचे बोल्ट मात्र पावसाळ्याआधी आणि नंतर काढून, घासून, पेट्रोलियम जेली लावून घट्ट करता येतात. त्यासाठी एक पाना आणि पॉलिश पेपर पुरेसा आहे.