मूल हट्टी नाही, ते काही सांगते आहे!

पाच वर्षांचे मूल बोलत नाही, मनाविरुद्ध झाले की किंचाळते. शेजारी म्हणतात, 'लाडावलंय'. कुणी अंगारा-धुपारा सुचवते. पालकहो, दोन्ही बाजूला ठेवा. आधी कान, दात, पोट दुखत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि मग वही घ्या.

उपयोजित वर्तन विश्लेषण हे शास्त्र अशा नोंदींपासूनच सुरू होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांवर ते उभे आहे. स्वमग्न मुलांना शिकवताना ते विशेष वापरले जाते.

वहीत तीन रकाने आखा: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर त्याला काय मिळाले. आईने मोबाइल काढून घेतला, मूल किंचाळले, मोबाइल परत मिळाला. म्हणजे किंचाळणे हेच त्याचे मागणे झाले. ज्या परिणामामुळे वर्तन वाढते, त्याला प्रबलन म्हणतात. किंचाळण्यामागे वस्तू हवी असणे, लक्ष हवे असणे किंवा नकोशा कामातून सुटका, यांपैकी काहीही असू शकते.

आता मागण्याची दुसरी रीत शिकवा. मोबाइलचे चित्र समोर ठेवा. सुरुवातीला त्याचा हात हलकेच धरून चित्राकडे न्या, पुढे नुसती खूण करा, मग तेही थांबवा. चित्र दाखवताच लगेच मोबाइल द्या आणि शाबासकी द्या. किंचाळल्यावर मात्र देऊ नका. पहिले काही दिवस किंचाळणे वाढू शकते. तेव्हा हार मानून दिलात, तर 'आणखी मोठ्याने ओरडावे' हेच ते शिकेल. मूल स्वतःला इजा करत असेल, तर दुर्लक्ष करू नका. आधी त्याला सांभाळा आणि तज्ज्ञांना गाठा.

मारू नका. या पद्धतीच्या सुरुवातीच्या काळात मुलांना मारले गेले, विजेचे झटकेही दिले गेले. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती आजही या पद्धतीवर आक्षेप घेतात. म्हणून मूल नुसते हात फडफडवत असेल, तर ते बंद करायची गरज नाही. त्याला चारचौघांसारखे दिसायला लावणे हा हेतू नसावा. त्याला आपली गरज सांगता यावी, एवढाच असावा.

स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. लाजू नका, उशीर करू नका.