निकॉन डी९० : मधल्या फळीचा कॅमेरा

निकॉन डी९० हा कॅमेरा २७ ऑगस्ट २००८ रोजी जाहीर झाला आणि व्हिडिओ घेऊ शकणारा पहिला डिजिटल एसएलआर म्हणून गाजला. हौशी छायाचित्रकारांनी मात्र तो वर्षानुवर्षे वापरला तो वेगळ्याच, बऱ्याचशा जुन्या वळणाच्या गुणांसाठी. व्हिडिओ ही खरे तर त्याची सर्वांत कच्ची बाजू.

निकॉनच्या तेव्हाच्या मालिकेत खाली नवशिक्यांचा डी६० आणि वर व्यावसायिकांकडे झुकणारा डी३०० होता. त्या दोहोंमधली जागा डी९०ची. २००६ सालच्या डी८०चा तो वारस. डी८०ची बॅटरी-ग्रिपही त्याला चाले. सेन्सर मात्र बदलला. १०.२ मेगापिक्सेलच्या सीसीडीऐवजी १२.३ मेगापिक्सेलचा सीमॉस आला. मेगापिक्सेलमधल्या वाढीने फारसे काही बिघडले-सुधारले नाही. फरक दिसला तो अपुऱ्या उजेडात. आयएसओ १६०० ठेवून नाट्यगृहात किंवा संध्याकाळच्या मिरवणुकीत काढलेला फोटोही छापण्याजोगा निघे. ३२०० वर दाणे दिसू लागत, पण प्रसंग टिपायचा असेल तर तेही चालून जाई.

या कॅमेऱ्याचा मोठा गुण बाहेरून दिसत नाही. लेन्सचा फोकस फिरवणारी मोटर त्याच्या बॉडीतच आहे. डी४०, डी६० किंवा पुढच्या डी५००० मध्ये ती नव्हती. त्यामुळे ५० मिमी एफ/१.८ डी यासारखी स्वस्त आणि उत्तम लेन्स त्या कॅमेऱ्यांवर हाताने फोकस करावी लागे. डी९० वर ती आपोआप चाले. जुन्या बाजारात मिळणाऱ्या कितीतरी ऑटोफोकस लेन्सना हीच सोय लागू होती. कॅमेरा घेताना दोनतीन हजारांचा हिशेब करणारा माणूस लेन्सच्या खर्चाचा हिशेब पुष्कळदा विसरतो. डी९०ची खरी बचत तिथे होती. एक मर्यादा अशी की, ऑटोफोकसच्या आधीच्या काळातल्या, पूर्णपणे हाताने चालवायच्या लेन्स त्यावर बसतात, पण प्रकाशमापन बंद पडते. डी३०० मध्ये ते चालू राहते.

डोळा लावायच्या खिडकीत आरशांची जोडणी नाही, सबंध काचेचा पंचकोनी लोलक आहे. त्यामुळे दृश्य मोठे आणि उजळ दिसते. मात्र चौकटीचा ९६ टक्केच भाग त्यात येतो. कडेला नको असलेली फांदी फोटोत शिरते, ती यामुळे. पुढच्या-मागच्या दोन चक्रांमुळे शटरचा वेग आणि छिद्राचा आकार मेन्यूत न शिरता बदलता येतो. वरच्या छोट्या पडद्यावर सगळी मांडणी वाचता येते, आणि मागचा ३ इंची, ९ लाख २० हजार बिंदूंचा पडदा त्या काळी या किमतीत चैनच होती. प्रमाणित चाचणीनुसार एका चार्जिंगमध्ये ८५० फोटो निघतात.

दोषही आहेत. फोकसबिंदू ११, पण आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा फक्त मधला; अंधारात कडेचे बिंदू चाचपडत राहतात. सेकंदाला ४.५ फोटो हा वेग मुलांच्या खेळापुरता ठीक, उडत्या पक्ष्यासाठी तोकडा. लेन्स आणि बॉडी यांच्यातली फोकसची बारीक चूक कॅमेऱ्यातच सुधारण्याची सोय नाही. मॅट्रिक्स प्रकाशमापन फोकसबिंदूखालच्या भागाला जास्तच मान देते. चेहरा सावळा आणि मागे आकाश असेल, तर आकाश पांढरेफटक होते. जाणकार आधीच एक्स्पोजर थोडे खाली ओढून ठेवतात. बॉडी प्लॅस्टिकची आणि पाण्याधुळीपासून बंदिस्त नसलेली. सह्याद्रीतल्या पावसात ती उघडी नेणे म्हणजे जुगार.

आता व्हिडिओ. १२८० बाय ७२० आकाराचा, सेकंदाला २४ चौकटींचा हा व्हिडिओ एका वेळी पाच मिनिटेच घेता येई. रेकॉर्डिंग चालू असताना ऑटोफोकस नाही, आवाज मोनो, बाहेरचा माइक जोडायला जागा नाही. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने कॅमेरा झटकन फिरवला, की विजेचे खांब तिरपे होत. तरीही मोठ्या सेन्सरमुळे आणि बदलत्या लेन्समुळे पार्श्वभूमी धूसर ठेवणारी चित्रपटासारखी प्रतिमा मिळे, आणि ती साध्या हँडीकॅममधून मिळत नव्हती. काही आठवड्यांतच, सप्टेंबर २००८ मध्ये, कॅननने ५डी मार्क २ जाहीर केला. १०८० रेषांच्या व्हिडिओने आणि पूर्ण चौकटीच्या सेन्सरने त्याने हे क्षेत्र ताब्यात घेतले. अर्थात तो बऱ्याच वरच्या किमतीचा होता.

सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या निकॉन डी७००० ने डी९०ची बहुतेक उणीव भरून काढली : ३९ फोकसबिंदू, जवळपास १०० टक्के दृश्य, फोकसची बारीक दुरुस्ती, जुन्या लेन्सवर प्रकाशमापन, १०८० रेषांचा व्हिडिओ आणि काही भाग मॅग्नेशियमचे. बॉडीतली मोटर त्यातही कायम राहिली. वापरलेला डी९० घेणाऱ्याने शटर किती वेळा उघडले आहे ते आधी पाहावे, कारण त्याची चाचणी एक लाख वेळांपर्यंतची आहे. पकडीवरचे रबर सैल झाले आहे का, हे तपासावे, आणि एखादी जुनी डी लेन्स लावून मोटर चालते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.