लेखकाची नोकरी आणि लेखकाचा करार

घरातल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला लेखक व्हायचंय’ असं म्हटलं की दोन बाजूंनी सल्ले येतात. घरची मंडळी म्हणतात, आधी पोटापाण्याचं बघ, मग काय ते लिही. कट्ट्यावरचे कवी म्हणतात, नोकरीत अडकलास की संपलास. सल्ले उलटसुलट असले तरी दोघांच्या डोक्यातलं चित्र एकच असतं. लेखन म्हणजे पुस्तक, आणि पुस्तक म्हणजे एक तर उपासमार नाही तर साक्षात्कार. मराठीतला लेखनाचा बहुतेक सगळा व्यवहार या दोन टोकांच्या मधे चालतो आणि तरुणाने तयारी करायची ती त्या व्यवहाराची. ती तयारी कोणी शिकवत नाही, म्हणून गैरसमज वाढतात.

‘लेखणीवर घर चालत नाही’

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं आहे. पुस्तकापुरतं बोलायचं तर हिशेब कागदावर मांडून पाहावा. मराठीत कथा-कादंबरीची आवृत्ती बहुधा १,००० प्रतींची धरतात, हल्ली ५०० चीही निघते. किंमत २५० रुपये आणि रॉयल्टी १० टक्के धरली, तर १,००० प्रती संपल्यावर लेखकाच्या हाती २५,००० रुपये येतात. त्या संपायला तीन वर्षं लागली तर महिन्याला पडले सातशेच्या आत. एवढ्यात मुंबईत लोकलचा पास आणि चहा निघेल.

पण लिहून मिळणारा पैसा फक्त पुस्तकात नसतो. दूरदर्शन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं आहेत आणि श्रेयनामावलीत ती अनेकदा तीन वेगळ्या नावांनी येतात. जाहिरातीचा मजकूर, डबिंगसाठी संवादांचं रूपांतर, ऑडिओ कथा, माहितीपटाची संहिता, इंग्रजी-हिंदीतून भाषांतर, संस्थांचे अहवाल, हे सगळं कोणीतरी लिहितंच. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयात अनुवादकांची पदं असतात. या कामांत नाव होत नाही, पण मुदत पाळण्याची सवय लागते. रोजच्या मालिकेचा संवादलेखक ‘आज सुचत नाही’ म्हणू शकत नाही, उद्या सकाळी चित्रीकरण असतं. दोन पात्रांचं भांडण तीन पानांत उभं करून तिसऱ्या पानाच्या शेवटी मिटवायचं, तेही नटाच्या तोंडी बसेल अशा वाक्यांत, हे कौशल्य कादंबरीकाराने कमी लेखावं असं मला तरी वाटत नाही.

‘नोकरी लेखनाला खाऊन टाकते’

मराठी साहित्यातून नोकरदारांची नावं काढली तर फारसं काही उरणार नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. विंदा करंदीकरही इंग्रजीचेच प्राध्यापक. नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. मृत्युंजयकार शिवाजी सावंत कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीवर वर्षानुवर्षं ग्रामीण कार्यक्रम सांभाळले. अरुण कोलटकर जे. जे. मध्ये शिकले आणि जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नावाजले गेले. धरणग्रस्तांवरची ‘झाडाझडती’ लिहिणारे विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत होते, आणि त्या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मात्र ‘कोणतीही नोकरी चालेल’ असा याचा अर्थ काढू नये. लेखकाला नोकरीने दोनपैकी एक गोष्ट द्यायला हवी, वेळ तरी नाहीतर माणसं तरी. प्राध्यापकाला एके काळी वेळ मिळे. तलाठ्याला, नर्सला, शेतीखात्यातल्या माणसाला, वकिलाला माणसं मिळतात. कर्जत-कसाऱ्याहून निघून रात्री दहाला घरी पोचवणारी आणि दिवसभर पडद्यावरचे आकडे जुळवायला लावणारी नोकरी दोन्ही देत नाही. पहिली नोकरी धरताना पगाराच्या जोडीने हाही हिशेब करावा.

सरकारी नोकरीत लिहिता येत नाही, हा त्याचाच एक उपगैरसमज. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या आचारनियमांनुसार प्रासंगिक साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक काम पूर्वपरवानगीशिवाय करता येतं, फक्त कामात कसूर होता कामा नये. सरकारी धोरणावर टीका करणारा लेख ही वेगळी बाब, तिथे नियम कडक आहेत. कथा लिहायला मात्र साहेबांची सही लागत नाही.

‘मराठीत एम. ए. नाहीतर पत्रकारितेची पदवी हवीच’

वर्तमानपत्रात किंवा महाविद्यालयात नोकरी हवी असेल तर पदवी लागते, सेट-नेटही लागतं. गद्य चांगलं होण्यासाठी लागत नाही. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात, आणि त्यांच्या ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. पण ही गोष्ट सांगताना लोक पुढचं विसरतात. शाळा सुटली तरी अण्णा भाऊंचं शिक्षण थांबलं नव्हतं. मुंबईच्या गिरण्या, कामगार चळवळ, अमर शेख आणि गवाणकरांबरोबरचं लाल बावटा कलापथक, तमाशाच्या बाजातली लोकनाट्यं, या सगळ्यात त्यांचा कान तयार झाला. न शिकता लेखक होता येतं हा निष्कर्ष काढायचा असेल तर अण्णा भाऊंचं उदाहरण त्यासाठी वापरू नये.

उलट बाजूचं उदाहरण अनिल अवचटांचं. शिक्षण डॉक्टरकीचं. बिहारमधला दुष्काळ पाहून ‘पूर्णिया’ लिहिलं, ते १९६९ मध्ये आलं. वीस वर्षांच्या मुलाला मी सांगेन की साहित्याबाहेरचा एक विषय मुळापासून शिक. द्राक्षबागायत, दिवाणी कायदा, हातमाग, बंदराचं कामकाज, काहीही. नव्या लेखकांच्या कथांमध्ये पात्रं सारखी खिडकीशी उभी राहून विचार करत असतात, कारण ती पोटासाठी काय करतात हे लेखकाला ठाऊक नसतं.

‘वशिल्याशिवाय कोणी छापत नाही’

ओळखीचा उपयोग होतो, नाही असं नाही. तरी एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं, कारण आपल्या नावामुळे कथेला झुकतं माप मिळू नये. ज्याच्याकडे जगभराची ओळख होती त्याने ती मुद्दाम लपवली, आणि परीक्षकांना कथाच आवडली.

निनावी माणसासाठी दारंही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा गट वेगळा असतो, कवितेसाठी त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडशांचं. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना दिला जातो. नॅशनल बुक ट्रस्टमार्फत २०२१ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान युवा लेखक योजनेच्या पहिल्या फेरीत तिशीच्या आतल्या ७५ जणांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये शिष्यवृत्ती होती. आणि नियतकालिकं फक्त पुण्या-मुंबईतच निघतात असंही नाही. कवितेला वाहिलेलं ‘कवितारती’ पुरुषोत्तम पाटलांनी धुळ्यात सुरू केलं, ‘अस्मितादर्श’ गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेत चालवलं.

‘एकदा पुस्तक निघालं की झालं’

ही घाई महागात पडते. हस्तलिखित पाठवल्यावर पंधरा दिवसांत ‘आपलं लेखन उत्कृष्ट आहे’ असं पत्र येतं, सोबत ४०-५० हजारांचं अंदाजपत्रक. पैसे भरून छापणं हा गुन्हा नाही, पण त्याला प्रकाशन म्हणू नये. ती छपाई आहे. संपादन कोण करणार, पुस्तक कोणत्या दुकानांत ठेवणार, न विकलेल्या प्रतींचं काय, या तीन प्रश्नांना गोलमाल उत्तरं आली तर गठ्ठे आपल्याच खाटेखाली येणार हे नक्की. ‘आयएसबीएन मिळवून देऊ’ म्हणून वेगळे पैसे मागणारेही भेटतात. भारतात हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय संस्था विनाशुल्क देते.

घाई न करण्याचं उदाहरण अरुण कोलटकरांचं. त्यांच्या मराठी कविता मासिकांत आणि अनियतकालिकांत पन्नाशीच्या दशकापासून येत होत्या. पहिला मराठी संग्रह निघाला १९७७ मध्ये, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी गाठली होती.

‘माझी कथा चोरतील, म्हणून कोणाला दाखवत नाही’

तरुण लेखकांची सगळ्यात मोठी भीती ही आणि सगळ्यात चुकीच्या ठिकाणी बाळगलेलीही हीच. स्वतःच्याच पत्त्यावर हस्तलिखित पोस्टाने पाठवून ते पाकीट न उघडता जपून ठेवणारे लोक आहेत. त्या पाकिटाने हक्क निर्माण होत नाही आणि त्याची गरजही नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकूर लिहून झाला की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पुरावा म्हणून तारीख असलेला ईमेल पुष्कळ कामाला येतो. चित्रपट-मालिकेची संहिता असेल तर मुंबईतल्या पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवण्याची सोयही आहे.

दुसरी बाजू कडू आहे. कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो. आर. जी. आनंद या नाटककारांनी ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या ‘हम हिंदुस्थानी’ नाटकावरून उचलला असा दावा लावला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये ते हरले. कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा यांना संरक्षण नाही, संरक्षण आहे ते मांडणीला, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे ‘माझ्याकडे एक जबरदस्त आयडिया आहे’ एवढ्यावर काही हाती लागत नाही. ती लिहून काढेपर्यंत कायद्यालाही ती दिसत नाही.

खरं नुकसान चोरी होऊन नव्हे, सही करून होतं. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं एक वाक्य करारात असतं आणि पहिलं पुस्तक येतंय या आनंदात ते कोणी वाचत नाही. कायदा लेखकाच्या बाजूने बरंच काही बोलतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. किती मुदतीसाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो परत लेखकाकडे येतो. पण मुदत आणि वर्षभराची अट या दोन्ही बाबतींत करारात वेगळं लिहिलेलं असलं तर तेच चालतं, आणि सगळी मेख तिथेच आहे. पुस्तकाचे हक्क देताना ऑडिओ, चित्रपट, भाषांतर हे हक्क वेगळे काढून ठेवायला सांगावं. चांगला प्रकाशक यावर बोलायला तयार असतो. जो चिडतो त्याच्याबद्दल आपल्याला काहीतरी कळलेलं असतं.

नोकरदार लेखकांना यातली आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. जाहिरात संस्थेत पगारावर असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेली ओळ मालकाची होते, वेगळा करार नसेल तर. वर्तमानपत्रात पगारी असाल तर मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता, त्या लेखांचं पुस्तक करण्याचा हक्क लेखकाचा राहतो. तोही करारात काढून घेतला नसेल तरच. रात्री घरी लिहिलेली कविता तुमचीच.

राहता राहिलं शुद्धलेखन. ‘ते मुद्रितशोधक बघेल’ म्हणणाऱ्यांना कल्पना नसते की अनेक ठिकाणी आता मुद्रितशोधकच उरलेला नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, एवढाच हा अभ्यास आहे. आठवड्याभरात होतो. त्याचबरोबर युनिकोडमध्ये टंकलेखन शिकून घ्यावं. मोबाइलवर फोटो काढून पाठवलेली कथा संपादक उघडत नाही. यंत्राकडून लिहून घेतलेली कथाही अनुभवी संपादकाच्या पुष्कळदा दुसऱ्या परिच्छेदात ध्यानात येते. सगळी पात्रं सारखीच समंजस बोलतात आणि कोणाच्याच गावाला नाव नसतं.

आणि वेळापत्रक. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नव्या लेखकाला एवढी जागा दुसऱ्या कोणीच दिलेली नाही. पण अंक दिवाळीचा असला तरी त्याचं काम उन्हाळा सरताना सुरू होतं. गणपतीपर्यंत बहुतेकांची पानं भरत आलेली असतात, नवरात्रात अंक छपाईला असतो. तेव्हा कथा जूनमध्येच पाठवावी, सोबत तीन ओळींचं पत्र आणि फोन नंबर, आणि दोन महिने उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा विचारावं. तेवढ्या वेळात दुसरी कथा लिहून होते.