दुखत नाही म्हणून तपासत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यात चाळिशीतल्या माणसाला बीपी तपासायला चल म्हटलं, की तो विचारतो, "माले काय व्हयनं?" केळीचे घड वाहणाऱ्या, कपाशीत राबणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण अंगमेहनतीने धोका कमी होतो, टळत नाही. रक्तदाब वर्षानुवर्षं 140/90 च्या वर राहिला तरी बहुतेकांचं डोकंही दुखत नाही. हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण मात्र पडत राहतो. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब, तर 11.4 टक्क्यांना मधुमेह आढळला. त्या पाहणीत खेडीही होती.

"तपासलं की गोळी मागे लागते," ही भीती त्याहून घातक. त्याच पाहणीतले 15.3 टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. या टप्प्यावर कळलं तर आहार, चालणं आणि वजन सांभाळून अनेकांना गोळी टाळता येते. उशीर केला तर हा मार्ग अरुंद होत जातो.

तपासणी म्हणजे शहरातल्या लॅबचं हजारोंचं पॅकेज, हाही गैरसमजच. सरसकट तपासण्यांवरच्या 17 अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 2019 मध्ये आढावा घेतला. त्यात अडीच लाख लोक होते, पण मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. म्हणून पॅकेजमागे धावू नये. मोजक्या, नेमक्या तपासण्या आणि त्यानंतर नियमित उपचार, एवढं मात्र सोडू नये. तिशीनंतर बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी, बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुखाचीही, सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताई घरी येऊन माहिती विचारतात, ती याचसाठी. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातला पांढरा चट्टा दुखत नाही, पण बॅटरीच्या उजेडात दिसतो.

गर्भाशयमुखाच्या तपासणीला बायका लाजून नकार देतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुरावा आपल्याच राज्यातला आहे: तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे 1 लाख 30 हजार बायकांवर झालेल्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले.

खर्चाचं म्हणाल, तर 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. साखरेसाठी उपाशीपोटी जायचं असेल तर आठ तास काही खाऊ नका, पाणी चालतं. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको.