डिकी नव्हे, चाकांवरचं दुकान! घरच्या घरी बनवा गाडीतले ड्रॉवर



एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या. तुमच्या बोलेरोच्या नाहीतर थारच्या मागे आत्ता काय काय पडलंय? नाही सांगता आलं ना? मग आजचा लेख तुमच्यासाठीच आहे. व्हिडिओत मापं भराभर गेली, म्हणून इथे निवांत लिहितोय.

आपला जालना म्हटलं की लोकांना बियाणं आणि सळई आठवते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको उभी केली. पण अंबड, घनसावंगी, भोकरदनच्या शिवारात रोज फिरणारा आणखी एक धंदा आहे. पंप दुरुस्ती, ठिबकची जोडणी, स्टार्टरची कामं. या लोकांचं दुकान चार चाकांवर असतं. उन्हाळ्यात मोसंबीच्या बागेचं पाणी बंद पडलं की शेतकरी बांधावर उभा राहून तुमच्याकडे बघत असतो. आणि तुम्ही गोणीत हात घालून कपॅसिटर शोधत असता!

हिशोब करू. समजा दिवसाला ६ कामं, प्रत्येक ठिकाणी १० मिनिटं शोधाशोध. रोजचा १ तास गेला. महिन्याचे २५ दिवस धरा, तुमच्या तासाची किंमत ३०० रुपये धरा. झाले ७,५०० रुपये. आता तुमचे स्वतःचे आकडे टाकून बघा.

पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. माझीच चूक सांगतो. एकदा हत्यारांची लोखंडी पेटी मागे मोकळीच ठेवून निघालो. म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पेटी नाही थांबली. मधल्या सीटच्या पाठीवर अशी आदळली की पत्रा वाकला. सीट रिकामी होती, म्हणून आज हे लिहितोय. त्या दिवसापासून मी ड्रॉवरला हौस म्हणत नाही.

१. आधी यादी, मग माप. सगळं सामान ताडपत्रीवर काढा. तीन ढीग करा: रोज लागणारं, आठवड्यातून लागणारं, कधीतरी लागणारं. तिसरा ढीग घरी ठेवा. मग मडगार्डांच्या मधली रुंदी घ्या आणि दाराच्या तोंडाची रुंदीही घ्या. जे माप कमी, ते खरं. सुताराकडे जाण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून गाडीत बसवून बघा. पुठ्ठा चुकला तर खर्च शून्य.

२. प्लाय आणि वजन. बाहेरच्या सांगाड्याला १८ मिमी, ड्रॉवरला १२ मिमी पुरतो. पावसाचं पाणी, ओले पाइप यांचा विचार करून पाण्याला टिकणारा प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना रंग मारायला विसरू नका. पाणी तिथूनच शिरतं. १८ मिमीचा ८ बाय ४ चा एक ताव साधारण ३५ किलो भरतो. हे वजन रोज डिझेल खाणार, म्हणून गरजेपुरतंच करा.

३. सरकवायचं कसं? दुकानातले नेहमीचे टेलिस्कोपिक चॅनल साधारण दोन फुटांपर्यंत मिळतात. स्वयंपाकघरात ते छान चालतात. आपल्या काळ्या मातीची धूळ छर्‍यांत गेली की मात्र अडकतात. त्यापेक्षा ड्रॉवरच्या खाली नायलॉनच्या पट्ट्या लावा, वर मेणबत्ती घासा. ड्रॉवर पूर्ण बाहेर येऊन पायावर पडू नये म्हणून मागे अडसर ठेवा. जड सामान खालच्या खणात आणि सीटच्या बाजूला, हलकं दाराच्या बाजूला.

४. कडी आणि बोल्ट. चढावर ड्रॉवर आपोआप उघडतो. प्रत्येकाला कडी हवीच, नुसतं लोहचुंबक चालणार नाही. अख्खा सांगाडा गाडीला बोल्टने आवळा, खाली मोठा वॉशर किंवा लोखंडी पट्टी द्या. जमलं तर गाडीतल्या आधीच्याच बोल्टच्या जागा वापरा. नवीन भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली वाकून बघा. डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग कुठे आहे ते कळल्याशिवाय ड्रिल लावू नका. जॅक आणि चाकाचा पाना ड्रॉवरखाली गाडले जाणार नाहीत, हेही पाहा.

५. कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरच्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मागच्या समोरासमोरच्या सीट काढल्या तर आसनसंख्या बदलते. आधी आरटीओत विचारा, अपघातानंतर विम्याच्या वेळी नको. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वेल्डिंग नाही, कापाकापी नाही, बोल्ट काढले की सांगाडा बाहेर!

आता शेवटचं. ड्रॉवर बनवून काम संपत नाही. प्रत्येक खणावर नाव लिहा आणि संध्याकाळी घरी आल्यावर ५ मिनिटं देऊन वापरलेलं सामान परत भरा. दुकानदार शटर पाडण्याआधी गल्ला मोजतो ना? तसंच हे.

या आठवड्याचा गृहपाठ: फक्त ताडपत्री आणि तीन ढीग. प्लाय नंतर आणू. बघा, निम्मं ओझं तिथेच कमी होतं की नाही!